दुसऱ्या ओळीवरची विंडोज

या ग्रुपवर मी नुसती वाचायला येते आणि खरं सांगू का, वाचून हसते. पिंपळाखालची बाई, पांढरी साडी, घुंगरांचा आवाज... काहीतरीच! आमचं बौद्ध घर. भूत, आत्मा, अंगात येणं हे सगळं आमच्या उंबऱ्याबाहेर. माझे सासरे, म्हणजे मामाजी, तर कुणी आत्म्याचं नाव काढलं की त्याला सोडायचे नाहीत. "आत्मा-बित्मा काही नसते बाप्पा. मानूस गेला का गेला." हयातभर हेच सांगत आले. म्हणूनच जे झालं त्याची मला भीती कमी वाटते, राग जास्त येतो.

आम्ही यवतमाळला, लोहारा रोडला राहतो. आमचे हे एमआयडीसीत कामाला. मी घरीच मराठी टायपिंग करते — अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नाचे बायोडेटा. कॉम्प्युटर समोरच्या खोलीत, खिडकीपाशी. मामाजी सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले आणि गाण्याचा भारी नाद. भीमगीतं स्वतः लिहायचे, चालही स्वतःच लावायचे. शेवटी शेवटी त्यांच्या मनानं घेतलं की सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवायची.

आता आमच्या कॉम्प्युटरची तऱ्हा ऐका, कारण सगळं त्याच्यावरच आहे. एकाच एसएसडी डिस्कवर तीन विंडोज होत्या! बिघडला की बाजारातला दुरुस्तीवाला नवी विंडोज टाकून द्यायचा, आणि मामाजी त्याच्या डोक्याशी उभे राहून म्हणायचे, "जुनी काढू नको रे, राहू दे. ते काय खायले मांगते का?" त्यामुळे कॉम्प्युटर चालू केला की निळ्या पडद्यावर तीन ओळी यायच्या, तिन्हींचं नाव सारखंच. पहिलीवर माझं टायपिंग. तिसरी कधी उघडलीच नाही. आणि दुसरी मामाजींची, कारण माइक फक्त त्या जुन्या विंडोजमध्येच चालायचा.

सकाळी गॅसवर कुकर चढवला की मी त्यांना दुसरी ओळ दाबून द्यायची. आवाज येतो म्हणून कूलर बंद. यवतमाळचा उन्हाळा, दोघंही घामानं निथळायचो. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून माइक मी धरायची. बटण दाबायची आणि म्हणायची, "हं मामाजी, करा सुरू." मग ते गायचे. एका कडव्यानंतर दम लागायचा, मी पाठीवरून हात फिरवायची, की पुढचं कडवं. माझं ते बोलणं कापून टाकू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे वं. तू म्हनल्याबिगर मले सूरच लागत नाही." आमचे हे आतून चिडवायचे, "आलं का तुझं करा सुरू!"

मामाजी गेले. पहिल्या स्मृतिदिनाला भोजनदान ठेवलं, आणि मांडवात त्यांची गाणी त्यांच्याच आवाजात लावायची, हे मी मनाशी पक्कं केलेलं. कार्यक्रमासाठी माझे धाकटे दीर, प्रशांत भाऊजी, पुण्याहून आधीच आले. कॉम्प्युटर इंजिनिअर. मामाजींच्या आजारपणात व्हिडिओ कॉलवर "बाबा, पाणी पीत जा" म्हणायचे. तेवढाच त्यांचा वाटा.

मी किराणा घेऊन आले तर भाऊजी खुशीत. "वहिनी, एका डिस्कवर तीन-तीन विंडोज! पार भरून गेली होती डिस्क. दोन उडवल्या, सगळी जागा एक केली. आता बघा कशी पळते."

माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली. "आणि मामाजींची गाणी?"

"कोणती गाणी? मी उघडून पाहिलं ना, नुसतं टायपिंग होतं."

पहिली ओळ उघडून पाहिली आणि बाकीच्या फालतू समजून उडवल्या. मला विचारायचं? कशाला! वहिनीला काय कळतं!

पेनड्राइव्हवर का घेतली नाहीस, असं तुम्हीही विचाराल. सगळ्यांनी विचारलं. मामाजी म्हणायचे, "शेवटचं गानं होऊ दे, मग सारे एकदम घेऊ." शेवटचं गाणं झालंच नाही, आणि ते गेल्यावर वर्षभर ती ओळ उघडायचं माझ्याच्यानं झालं नाही.

दुरुस्तीवाल्याकडे डिस्क घेऊन धावले. त्यानं तपासली आणि मान हलवली. "ताई, जुनी हार्डडिस्क असती तर काही हाती लागलं असतं. एसएसडीतून गेलं का गेलं." तिथंच दुकानात मला रडू कोसळलं. घरी येऊन भाऊजींना जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अर्ज टाइप करायचा होता म्हणून कॉम्प्युटर लावला... निळा पडदा. विंडोज एकच उरलेली, आणि ओळी दोन.

दुसरी ओळ दाबली. काळा पडदा, फाइल सापडत नाही म्हणून सूचना, परत निळा पडदा. किती वेळा दाबली असेल! शेवटी भाऊजींना हाक मारली. त्यांनी पहिल्या ओळीतून आत जाऊन सगळं तपासलं. डिस्कवर एकच विंडोज, यादीतही एकच नाव. "मग ही ओळ येते कुठून?" म्हणाले. बंद करून चालू केला, तर ओळ आहेच. "सरका, मी बघतो," म्हणून माझ्या खुर्चीत बसले आणि दुसरी ओळ दाबली.

उघडली.

मामाजींचा पडदा. सासूबाईंचा जुना फोटो, मामाजींना दिसावा म्हणून मीच मोठा करून दिलेला माउसचा बाण, आणि गाण्यांचं फोल्डर. भाऊजींनी एक गाणं लावलं आणि खोलीत मामाजींचा आवाज घुमला. आमचे हे आंघोळ अर्धी टाकून तसेच धावत आले. भाऊजी टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागले.

आणि मी? मी माझा आवाज यायची वाट पाहत होते. तो आला नव्हता. मी पुढचं गाणं लावलं, मग त्याच्या पुढचं, मग सगळी. मामाजींची धाप आहे. खिडकीबाहेरचा भाजीवाला आहे. माझ्या कुकरची शिट्टीसुद्धा आहे. मी नाही. माझ्या वाक्याला जेवढा वेळ लागायचा तेवढी मोकळी जागा, आणि मग एकदम गाणं.

हे स्वतःच म्हणाले, "काहून वं, तुझं ते करा सुरू कुठं गेलं?" पण भाऊ रडताना पाहिला आणि लगेच शब्द फिरवला. "जाऊ दे ना आता. गाणी भेटली ना."

भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "माइक बाबांजवळ असेल वहिनी, तुमचा आवाज आलाच नसेल."

"माइक माझ्या हातात असायचा, भाऊजी."

भाऊजींनी गाणी पेनड्राइव्हवर घेतली. कॉम्प्युटर बंद करून परत लावला तर ओळ गायब. ती पुन्हा आली नाही.

स्मृतिदिनाला मांडवात गाणी लागली. जो तो भाऊजींची पाठ थोपटत होता. "पोरानं बापाचा आवाज वापस आणला!" यांच्या आत्याबाईंनी भाऊजींच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तो आधी उडवला कुणी होता, ते घरातल्या एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी पंगतीत वरण वाढत होते. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दुरुस्तीवाला म्हणतो, असं होऊच शकत नाही. भाऊजी म्हणतात, काहीतरी टेक्निकल असेल. असेल बाप्पा! पण ती ओळ माझ्यासाठी उघडली नाही, त्यांच्यासाठी उघडली, यात काय टेक्निकल आहे? आणि शिट्टी ठेवून बाई तेवढी कुणी काढली? आत्मा नसतो हे, मामाजी, तुम्हीच शिकवलं, आणि मी आजही तेच मानते. पण तुम्ही कुठं असालच तर एवढं सांगा... पोरगा तुमचा आहे, त्याच्यासाठी उघडा, माझं काही म्हणणं नाही. पण मले कायले काढलं?

गाणी मी अजून लावते. ती मोकळी जागा आली की तोंडातून निघतंच — हं मामाजी, करा सुरू. आज सकाळी मुद्दाम ओठ घट्ट मिटून बसले. म्हटलं, बघू तरी. ती जागा तशीच रिकामी गेली आणि मामाजी गायला लागले.

सूर अगदी बरोबर लागला होता.