बिल्ला नसलेली सायकल

मुलांनो, आजोबांच्या सायकलची चौकट कोणत्या कंपनीची, हे शोधून कळवायचं मी कबूल केलं होतं. रंग देऊन ती तुमच्याकडे पाठवायची आणि तिच्यावर त्याच कंपनीचा बिल्ला लावायचा, असं तुमचं ठरलंय. आजोबा जाईपर्यंत सांगत राहिले, "विलायती आहे. बिल्ला तवंदी घाटात पडला." त्यांचा शब्द तुमच्यासमोर खोटा पडू नये, एवढीच मला काळजी होती.

तुम्ही पाठवलेल्या यादीप्रमाणे मी वहीत रकाने आखले. पेडलच्या खाली नंबर: नाही. मागच्या चाकाजवळ शिक्का: नाही. उंची: साडेपंचवीस इंच. दुकानात बावीस आणि चोवीसच मिळतात, असं शेजारी म्हणाले. म्हणजे विलायतीच असणार, म्हणून मी खूश.

मग रिक्षात घालून चौकट उद्यमबागेजवळच्या एका म्हाताऱ्या सायकल मेस्त्रींकडे नेली. हँडल बसतं त्या पुढच्या नळीचा रंग त्यांनी खरवडला.

"आक्का, बिल्ला पडला म्हंता, मग रिवेटची भोकं कुठं हायत?"

"बुजवली असतील."

"बुजवली तरी डाग ऱ्हातोय. हितं बिल्ला कवाच नव्हता."

मला तिथून उठून घरी यावंसं वाटलं. पण तोवर त्यांनी सांधे उघडे केले होते. पितळ वितळवून जोडलेले, कानशीनं घासलेले. त्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "कारखान्याचं न्हाय हे. कुणीतरी सवताच्या मापानं केलंय, लई मन लावून. कानस उलटी चाललीया बघा. डावरा मानूस."

डावरा, सहा फुटांहून उंच, आणि तरुणपणी उद्यमबागेतल्या कारखान्यात पितळी जोडकाम शिकलेला. बनवणाऱ्याच्या रकान्यात मी तुमच्या आजोबांचं नाव लिहिलं.

मला बघायला ते याच सायकलवरून आले होते. माझे वडील इंग्रजीचे मास्तर. त्यांनी विचारलं होतं, "कोणत्या कंपनीची?" आजोबा "मी केली" म्हणाले असते, तर वडिलांनी लगेच विचारलं असतं, "म्हणजे मेस्त्रीकाम करता?" आणि खरं सांगते, दाराआड मीही नाक मुरडलं असतं. एकदा "विलायती" असं सांगून बसल्यावर ते मागे घ्यायला त्यांना जमलंच नसावं. पुढे कधीतरी मला तरी सांगायचं. फार तर मी दोन दिवस रुसले असते.

मेस्त्रींनी विचारलं, "पुट्टी भरून गुळगुळीत करू? कानशीच्या रेघा दिसत्यात."

"नको. नुसता पातळ रंग द्या."

"बघणारा म्हनंल, काम कच्चं हाय."

"म्हणू दे. आमच्या ह्यांनी केलंय ते."

"मालकांनी? आन् मघापास्नं कंपनी हुडकाय लागलाय व्हय!"

तर मुलांनो, बिल्ला मागवला असेल तर परत पाठवा.