तळ्याची उजवी बाजू

डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत एक सूट, दोन टाय आणि बायकोने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा होता. चित्रांच्या लिलावाला काय घालून जातात, हे अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावात कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून मी लग्नाला निघाल्यासारखा निघालो.

न्यायला मीरा आली होती. मीरा म्हणजे सुधामावशीची मुलगी, इथेच जन्मलेली, शिकागोत वकिली करणारी. मावशीच्या गावाच्या, ॲन आर्बरच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "दादा, आय ॲम वरीड. आई गोष्टी मिक्स करते." काका गेल्यापासून मावशी अपॉइंटमेंट विसरते, तेच ते सांगते. मीराला घर विकून तिला शिकागोला न्यायचं होतं. त्यात आता हे चित्र. मावशीने कुठल्याशा लिलावाच्या कॅटलॉगमध्ये तळ्याचं एक चित्र पाहिलं होतं. काका तिला ज्या तळ्यावर न्यायचे तेच हे, ते घ्यायचंच, असा तिचा हट्ट होता; सोबतीला तिने मलाही बोलावलं होतं. मीराच्या मते चित्रातलं तळं वेगळंच होतं.

मावशीने दारातच लाडवांचा डबा माझ्याकडून घेतला आणि कॅटलॉग माझ्या हातात दिला. लाकडावर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं ते चित्र. संथ पाणी, डावीकडे पाण्यात घुसलेला जमिनीचा चिंचोळा तुकडा, त्यावर तीन पाईनची झाडं. चित्रातलं मला फारसं कळत नाही, तरी मी मान डोलावून 'खोली आहे' असं म्हणालो.

मावशी म्हणाली, आम्ही नवीन आलो होतो तेव्हा दर रविवारी तिथे जायचो. ही चित्रकार बाई मांडीवर फळी घेऊन बसलेली असायची. एकदा तिला मी पोहे दिले. तिला तिखट लागले, पण संपवले. आता ती बाई हयात नाही आणि तिची चित्रं लिलावात येतात.

दुसऱ्या दिवशी लिलाव दुपारचा होता, म्हणून सकाळी आम्ही आधी तळ्यावर गेलो. मेपलची झाडं लाल-पिवळी झाली होती. मी सूट घातला होता, त्यामुळे चिखलातून चालताना बदकंसुद्धा माझ्याकडे बघत होती. पाण्यापाशी पोचलो आणि तिघंही थांबलो. तो चिंचोळा तुकडा होता, त्यावर पाईनही होते. पण उजवीकडे.

मीराने फोनवरचं चित्र समोर धरलं आणि हळूच म्हणाली, "आई, इट्स ओके. तळी सगळी सारखीच दिसतात."

पलीकडच्या काठावरून बघू, म्हणून मी तळ्याला अर्धा फेरा मारून आलो. तिकडून ते झाडांचं टोक अंगावर आल्यासारखं समोर दिसत होतं. चित्रातल्यासारखं डावीकडून आडवं पाण्यात घुसलेलं ते कुठूनच दिसत नव्हतं. गाडीत बसल्यावर मावशीने फक्त विचारलं, "पोहे तरी दिले होते ना मी?"

लिलावाची जागा म्हणजे जुन्या शाळेचा हॉल निघाला. घडीच्या खुर्च्या, कागदी कपांत कॉफी, आणि फ्लॅनेलचे शर्ट घातलेली माणसं. एका आजोबांनी मला लिलाव पुकारणारा समजून कधी सुरू करणार असं विचारलं. भिंतींवर बर्फातली कोठारं, नद्या, डोंगर. एवढं सगळं कुणी ना कुणी उन्हातान्हात बसून बघितलेलं, आणि आता प्रत्येकाखाली एक नंबर.

मावशीचं चित्र कोपऱ्यात होतं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती त्याखालच्या टेबलापाशी थांबली. तिथे त्याच चित्राचा ब्लॉक (छपाईसाठी कोरलेला लाकडी ठोकळा) ठेवला होता, शाईने काळा पडलेला. त्याचा लिलाव वेगळा होणार होता. आयुष्यभर एक्स-रे वाचलेल्या माझ्या डॉक्टर मावशीने चष्मा वर केला आणि वाकून बघितलं. मग बोटाने हवेतच काठ गिरवला.

"मीरा, इकडे ये. पाईन कुठे आहेत?"

मीरा वाकली. ठोकळ्यावर पाईन उजवीकडे होते.

मावशी म्हणाली, "तिने दिसलं तसं कोरलं. कागदावर दाबलं की उलटंच उमटणार. एक्स-रेत पेशंटचं डावं आपल्या उजव्या हाताला असतं, हे रोज पोरांना शिकवलं मी, आणि सकाळी तळ्यावर मलाच सुचलं नाही."

मीराने एकदा ठोकळ्याकडे, एकदा चित्राकडे पाहिलं. मग आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

चित्र फोनवरून बोली लावणाऱ्या कुणीतरी नेलं. मीरा बोलीची पाटी वर करू लागली तर मावशीने तिचा हात खाली ओढला. ठोकळ्याच्या वेळी मात्र मावशीने स्वतः पाटी वर केली. दुसरं कुणी पुढे आलंच नाही.

परतीच्या वाटेवर ठोकळा मांडीवर घेऊन मावशी पुढे बसली होती. मग रस्त्याकडे बघतच ती म्हणाली, "तळं मला बरोबर आठवत होतं. पण मागच्या आठवड्यात लायब्ररीतून घरी यायचा रस्ता आठवेना. गाडी उभी करून रडत बसले. तुला सांगितलं नाही."

मीराने गाडी कडेला घेतली. शिकागोचा विषय तिने काढला नाही. मावशीनेच काढला. म्हणाली, डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ, मग बघू. मी मागच्या सीटवर सुटातल्या सुटात शक्य तितका लहान होऊन बसलो.

मॉरिसव्हिलला परतल्यावर सांगलीला आईला फोन केला. सुधा कशी आहे, असं विचारून ती दोघी बहिणींच्या लहानपणीचा नदीवरचा किस्सा सांगू लागली. तो मला पाठ आहे. एरवी मी मध्येच 'हे सांगितलंस' म्हणून मोकळा होतो. या वेळी त्यात एक शेळी नवीन होती.

मी विचारलं, "शेळी कुठल्या रंगाची होती?"

पलीकडे आई खुशीत येऊन सविस्तर सांगू लागली.