दोघींचा हिरवा चुडा

कोपरगावात बनुबाई कासारीण चाळीस वर्षं बांगड्या भरतात. हात आखडणाऱ्या नवरीला आधी चार शब्द सुनावतात, मग चुडा भरतात आणि शेवटी तिच्या एका हातात एक बांगडी जास्तीची चढवतात. रीतच आहे तशी.

परवा मोनिका आणि धनश्री आल्या. शेजारच्या साडीवाल्या आप्पासाहेबांनी त्यांना साड्या न दाखवता नुकतंच परत पाठवलं होतं.

"नवरी कोन?" बनुबाईंनी विचारलं.

दोघींनी हात पुढे केले. "आम्ही एकमेकींशीच लग्न करतोय, मावशी. सरकारदरबारी नोंद नाही होणार. घरच्या घरी करतोय."

बनुबाईंनी मोनिकाचा पंजा दाबून माप घेतलं. "सैल सोड. हात हाय का लाकूड?"

आप्पासाहेब ओट्यावर आले. "मावशी, यांना न्हाई म्हटलं तर दुकानदाराला कुठला कायदा लागत न्हाई. मी वकिलाला विचारलंय."

"कायदा असता तर त्याच्या भ्यानं भरल्या म्हनला असता. आता माझ्या मनानं भरते."

जास्तीची बांगडी त्यांनी दोघींनाही चढवली. दोघी पाया पडल्या. आप्पासाहेब अजून तिथंच उभे होते.

"पुढच्या महिन्यात तुमच्या सुनेचं डोहाळजेवण हाय ना?" बनुबाई दोऱ्यात ओवलेले बांगड्यांचे तोडे आवरत म्हणाल्या. "बांगड्या भरायला तिला माझ्याकडंच आनाल. न्हाई म्हटलं तर मलाबी कुठला कायदा लागत न्हाई."

आप्पासाहेब दुकानात गेले. पंखा लावला आणि दोघींसाठी गादीवर साड्या उलगडायला बसले.