गायकवाडबाईंचे भाडेकरू

"बाई गेल्या," एवढंच इद्रिस फोनवर बोलू शकला.  त्या फोनला तीन आठवडे झाले. आणि याच माणसाला सोसायटीतून घालवायला मी जंग जंग पछाडलं होतं!

पुण्यात विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. कमल गायकवाड निवृत्त मराठी शिक्षिका, मूलबाळ नाही, चर्चमधली रविवारची उपासना कधी न चुकवणाऱ्या. त्यांनी फ्लॅटमधल्या दोन खोल्या इद्रिसला, त्याच्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला दिल्या. तो सुदानहून शिकायला आलेला. तिकडे युद्ध पेटलं आणि परतायला घर उरलं नाही. भारतात राहायची मुदत वाढवायला जागेचा कागद हवा, त्यासाठी बाईंनी आमची एनओसी मागितली. मी म्हटलं, मिळणार नाही. बाहेरचे लोक नकोत.

बाईंनी मीटिंगच बोलवायला लावली. जोशी खोचकपणे म्हणाले, "तुमच्या धर्माचे म्हणून एवढा पुळका?"

"अहो, ते मुसलमान आहेत. आता बोला!" बाई माझ्याकडे वळल्या. "आमच्या तान्ह्या येशूला जीव वाचवायला मिसर देशात, म्हणजे इजिप्तला न्यावं लागलं. तिथे आपल्यासारखे सेक्रेटरी नव्हते, हे नशीब."

सगळे हसले. मी चिडून म्हणालो, "बाई, इथे नियमाचं बोला."

"नियमाचंच बोलते." त्यांनी भाडेकरूंचा पोलीस फॉर्म पुढे केला. "यात 'मूळ गाव' विचारलंय. प्रत्येकानं आपलं सांगा. आधी तुम्ही."

मी वाईचा. जोशी चिपळूणचे. मग अकोला, लातूर, कराड... पुण्याचा एकही निघाला नाही! बाई शांतपणे म्हणाल्या, "माझे आजोबा ख्रिस्ती झाले म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं. ते पुण्यात आले. कुणीतरी ओसरी दिली. त्या माणसाचं नावही आम्हाला ठाऊक नाही, पण जेवणाआधी त्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो."

माझी साफ जिरली. तिथेच सही केली. मुदत वाढली, आणि बाईंनी करंज्यांचा डबा घेऊन जिने पालथे घातले, जणू निवडणूक जिंकल्या होत्या. त्या पोरीला त्यांनी असं मराठी शिकवलं की तिचा 'ळ' माझ्या नातवापेक्षा स्वच्छ आहे. खरं सांगतो, हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.

शेवटचं आजारपण इद्रिसनं आणि त्याच्या बायकोनं काढलं. दफनभूमीच्या कचेरीत तो कागद घेऊन उभा होता, रडून डोळे सुजलेले. कारकुनानं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे.

"बाईंच्या घरचं कुणी आलं नाही का?"

"अहो, हा काय," मी म्हणालो, "तुमच्यासमोर उभा आहे."