कारणाचा रकाना

आमच्या नवनगरातल्या घरात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खुर्ची खिडकीशी असते आणि खुर्चीला चिकटून ऑक्सिजनचं मशीन. फुप्फुसं थकल्यापासून अप्पा त्या नळीवर जगतात आणि नळी विजेवर. वीज गेली की इन्व्हर्टर दोन तास रेटतो. पुढचं देवावर सोडायचं, कारण वीज कंपनीवर सोडण्यापेक्षा ते बरं.

अप्पा जुन्या वीज मंडळात फोरमन होते. दर मे महिन्यात ते चार माणसं घेऊन तारांखालून पायी हिंडायचे आणि तारेजवळ आलेल्या फांद्या छाटून घ्यायचे. मंडळ मोडून त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या केल्या तेव्हा आमच्याच गावातल्या लॅमिंग्टन रोडवर माझं दुकान नवं होतं आणि अक्कलही नवीच फुटली होती. "आता आळशांचा बाजार उठेल," असं मी अप्पांच्याच पंक्तीला बसून त्यांना सुनावलं. ते ताक पीत होते. "मे महिन्यात फांद्या कोण छाटणार, तेवढं विचार की त्यांना," एवढंच म्हणाले. मी हसलो होतो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी वारा सुटला आणि वीज गेली. तक्रारीच्या नंबरवरच्या मुलीने माझा पत्ता तीनदा विचारला आणि गोड आवाजात सांगितलं, "तुमची तक्रार नोंदवली आहे." तासभर काहीच हललं नाही. मग थोरल्या बहिणीला, अक्काला, अप्पांपाशी बसवून मी गाडी काढली आणि सबस्टेशन गाठलं.

कुंपणाच्या कोपऱ्यात करंजाचं झाड आहे. त्याची एक मोडकी फांदी कुंपणाबाहेरच्या तारेवर आडवी पडली होती. कुंपणाच्या आत एक कंपनी, बाहेर दुसरी. दोघींचे दोन इंजिनियर, इस्त्रीचे शर्ट घालून, कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून त्या फांदीकडे बघत होते. कावळा बसला असता तरी त्याने ती थोडी हलवली असती.

"नम्दल्ल री," बाहेरचा कानडीत म्हणाला. आमचं नव्हे. "झाड आतल्यांचं आहे."

"नम्दल्ल री," आतला म्हणाला. "तार बाहेरच्यांची आहे."

फांद्या छाटायचं काम कंत्राटदाराकडे, आणि हे झाड दोन्ही कंपन्यांच्या यादीत नाही. वर आतल्याने मला शहाणपण शिकवलं: विजेचा तुटवडा मुळीच नाही, ती बाजारात हवी तेवढी मिळते, दर पंधरा मिनिटांनी तिचा भाव ठरतो. पंधरा मिनिटांनी भाव बघणाऱ्यांना वर्षभरात एक फांदी दिसली नव्हती.

एवढ्यात अक्काचा फोन आला. "इन्व्हर्टर ओरडायलाय रे. अप्पांचे ओठ बघवत नाहीत." मागून अप्पांचा आवाज आला, "फोन दे इकडं." मी झाडाचं सांगितलं. "ते होय," ते म्हणाले आणि श्वासासाठी थांबले. "लाइन बंद करून घे म्हणाव... आणि कोयता चालवा."

मी फोन कुंपणावर धरला. दोघांनी तो ऐकला आणि आधी एकमेकांना पत्रं लिहिली. आमच्या मागच्या गल्लीतले डॉक्टर सिलिंडर घेऊन धावले म्हणून अप्पा वाचले. कंपन्यांच्या भरवशावर असते तर त्यांच्या मरणाचीही तक्रार नोंदवून घेतली असती, गोड आवाजात. फांदी अखेर छाटली गेली. काम दहा मिनिटांचं होतं.

मी घरी पोचलो तेव्हा मशीन पुन्हा चालू झालं होतं. अप्पा राखेसारखे दिसत होते, पण डोळे माझ्या हातातल्या फोनवर होते.

"कारण काय लिहिलेत?"

कंपनीचा संदेश आला होता. मी वाचून दाखवला: झाडाच्या फांदीमुळे पुरवठा खंडित, सहकार्याबद्दल आभार.

अप्पांनी नाकाशी सरकलेली नळी नीट केली.

"आमच्या रजिस्टरात पण कारणाचा रकाना होता," ते म्हणाले. "फांदी तारेला लागली की तिथं मी माझं नाव लिहीत होतो."