हफीतच्या पायथ्याचा किल्ला

अमिरातीतल्या अल ऐनच्या इतिहासावर बोलायला मी पूर्णपणे लायक होतो, कारण आमच्या घरात तो कुणालाच माहीत नव्हता. मोबाईल विटेएवढे होते तेव्हाची गोष्ट. पंचाईत झाली ती सासरे आल्यावर. अण्णा साताऱ्याचे, इतिहासाचे निवृत्त मास्तर. (अजिंक्यतारा ते घरच्या गच्चीसारखा चढत!)

"जावईबापू, तुमच्या गावात पाहण्यासारखं काय?"

"सुपरमार्केट," मी म्हणालो. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा पाहिलं होतं, तस्संच!

ही नजर बदलायचीच, असं ठरवून शुक्रवारी सगळ्यांना गाडीत घातलं. हफीत डोंगराच्या पायथ्याशी मातकट भिंती, कोपऱ्यांना बुरूज, खिळे ठोकलेला सताड उघडा दरवाजा.

"हाच तो!" मी ओरडलो. (कोणता, ते मलाही ठाऊक नव्हतं.)

"अहो, कुणाला तरी विचारा," बायको म्हणाली.

"किल्ल्यात शिरायला विचारतात का?"

अण्णांनी चपला काढून उंबऱ्याची माती कपाळाला लावली. मग मी सुटलोच!

"इथे हत्ती बांधत."

"वाळवंटात?"

"म्हणजे उंट. हत्तीएवढे!"

"आणि बुरुजाला एसी?"

"सरकारी डागडुजी, अण्णा. आणि हे दारूगोळ्याचं कोठार!" मी दार ढकललं.

"बट बाबा," लेक म्हणाली, "व्हाय इज देअर अ वॉशिंग मशीन?"

तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरलं. पांढरा पायघोळ कंदुरा, पांढरी दाढी, हातात काठी; एक अरब आजोबा! मला पोलीस, तुरुंग, रद्द व्हिसा, सगळं एकदम दिसलं.

"क्या मांगता?"

"किल्ला देखता है," अण्णा शांतपणे म्हणाले.

आजोबा काठी टाकून हसले. "किल्ला नहीं, हबीबी! मेरा लडका का घर! नया बनाया!"

आणि त्यांनी आम्हाला बैठकीत नेऊन खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केली. अण्णांनी एवढंच विचारलं, की रस्ते नव्हते तेव्हा लोक कसे राहत? म्हातारबा खुलले. उंटांचे प्रवास, खजुरीच्या बागा, सावली मोजून वाटलेलं पाटाचं पाणी...

"आमच्याकडेही पाण्याच्या पाळ्या!" अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"मी हेच सांगणार होतो," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

पुढच्या शुक्रवारी अण्णा टोपी घालून तयार. त्या अरब दोस्ताचं आमंत्रण होतं. त्यांच्या दारात अण्णा उतरताना मीही सीटचा पट्टा सोडला, तसे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "तुम्ही बसा. पण जावईबापू, गाडी मात्र उत्तम चालवता हो!"

लग्नानंतरचं हे पहिलं कौतुक! मी ते लायसन्सशेजारीच जपून ठेवलंय.