सावंतकाकांचा इस्पिकचा फ्लश

कॅम्पात माणसाजवळ काही टिकत नाही. चार्जर टिकत नाही, रूममेट टिकत नाही, सुट्टीवरून आणलेले लाडू तर एक दिवस टिकत नाहीत. किस्से मात्र साठतात, एसीच्या जाळीवर धूळ साठते तसे. पुसत कोणीच नाही.

आमच्या कंत्राटदाराचा कॅम्प सौदीत, रास तनुराच्या अलीकडे. तिथल्या आमच्या रूमचे हे किस्से, सगळे ऑनलाइन पोकरचे. खेळायचो मोबाइलवर, सगळ्यात स्वस्त टेबलावर. हरलात तर एका शावर्म्याचे पैसे जातात. पकडले गेलात तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो आणि तुम्ही थेट मुंबईच्या विमानात! हे गणित मला कळायचं, आणि मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलेला. मोठ्यांना कळायचं नाही.

*

सावंतकाका कुडाळचे, पाइप वेल्डर, वय पंचावन्न. मी त्यांचा हेल्पर. काकांची गल्फमध्ये तेवीस वर्षं झालेली. इतकी वर्षं इथे काढली की माणूस शहाणा होतो, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे.

काका गणपतीतल्या तीन पत्तीवर वाढलेले. तिथे पानं टाकणाऱ्याला अख्खी वाडी हसते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, दहातले आठ हात खेळायचेच नाहीत. फोल्ड करायचे, पानं टाकून द्यायची. पोकर म्हणजे वाट बघणं."

"वाट बघूचाच काम करतंय रे तेवीस वर्सां. आता तरी खेळूक दी!"

*

एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे चुकून एकाच टेबलावर बसलो. मला दोन एक्के आले. मी रेझ केलं, म्हणजे पैज वाढवली. समोरच्या बेडवरून ओरडा आला.

"मोठ्या माणसाक रेझ करतस? लाज नाय वाटणा तुका?"

"काका, खेळ आहे हा."

"बापाशीक पण असोच करतलस?"

बापाला तर मी कॉलेज सोडलं तेव्हाच केलं होतं. मी पानं टाकली नाहीत. काकांनीही टाकली नाहीत. ते हरले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघांचीही खाती बंद! कारण काय, तर एकाच वायफायवरून संगनमताने खेळल्याचा संशय.

संगनमत! अरे, एसी कितीवर ठेवायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही!

*

रूममधले तिसरे इक्बालभाई. श्रीवर्धनचे, पाइप फिटर. जुगार हराम म्हणून ते पत्त्याला हात लावत नाहीत. पण चहाचा ग्लास घेऊन काकांच्या मागे बसणार आणि प्रत्येक हाताला एकच सांगणार, "टाका सावंत. टाकून द्या."

मी महिनाभर व्हिडिओ बघून जे शिकलो, ते हा माणूस न खेळताच सांगत होता. त्यांच्या सल्ल्याने कोणी चाललं असतं, तर आमच्या रूममधून एकही शावर्मा गेला नसता. पण सावंतकाका एकदा त्यांच्यावरच उखडले. "तू पाइप जोड. पत्तो माझो आसा!"

*

नवीन खाती उघडली तेव्हा मी तक्ता केला. कुठली दोन पानं आली तर खेळायचं आणि कुठली आली तर नाही. चौकोन आखले, हिरवे-लाल रंगवले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. काकांना वर्षभरात त्यातले पाच चौकोन पाठ झाले नाहीत.

एक दिवस कॅम्प बॉस तपासणीला आला आणि त्याने नेमकं तेच कपाट उघडलं.

"ये क्या है?"

काका भिंतीकडे बघत उभे, जसे काही ते या रूमचेच नाहीत. तेवीस वर्षांचा अनुभव!

इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "ओव्हरटाइम का चार्ट है, सर."

कॅम्प बॉसने तक्ता वरून खाली नीट बघितला. खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली!

*

एवढं करून काका हरतच होते. मग मी त्यांचे जुने हात एकेक करून तपासले. ॲपमध्ये सगळी नोंद असते. एका हाताला काका शेवटपर्यंत लढले होते. का, तर इस्पिकचा फ्लश, म्हणजे पाचही पानं इस्पिकची. पण त्यात दोन किल्वर होते! पुढच्या हातातही तसंच. त्याच्या पुढच्यातही.

मी हसत सुटलो. "इक्बालभाई, म्हाताऱ्याला इस्पिक आणि किल्वर कळत नाही!"

इक्बालभाई हसले नाहीत. "आपण जोडतो त्या पायपातून काय जाणार आहे, माहीत आहे ना तुला?"

गॅस जाणार होता.

मी काकांच्या ॲपमध्ये पानं मोठी केली आणि इस्पिक काळं, किल्वर हिरवं असे चौघांना चार वेगळे रंग लावले. आठवड्यात काका जिंकायला लागले. "बघ मेल्या! सुधारलंय का नाय?"

"काका, डोळे दाखवा कुणाला तरी."

"माका सगळा दिसता." मग मोबाइल उशीखाली सरकवला. "पुढच्या म्हयन्यात मेडिकल आसा. नापास झालंय तर इकामा खलास. माझो धाकटो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्साक आसा. तुझ्यासारखो सोडून नाय ईलो."

मदत मागतानाही टोमणा! हे आपले वडीलधारे.

*

मदत केली मी. माझं मेडिकल आधी होतं. क्लिनिकच्या भिंतीवरच्या अक्षरांचा गुपचूप फोटो काढला आणि मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून काकांना दिला. ज्यांना पाच चौकोन पाठ होत नव्हते, त्यांनी ती सगळी अक्षरं दोन दिवसांत पाठ केली. पाइप घासतानाही माझ्या कानाशी तोंडातल्या तोंडात "ई, एफ, पी" चालू.

चिडून मी कागदावर अगदी तळाची ओळसुद्धा लिहिली होती. तक्ता छापणाऱ्या प्रेसचं नाव. मुंगीएवढी अक्षरं, माझ्यासारख्यालाही फोटो मोठा करून वाचावी लागलेली.

काकांनी तीही म्हटली!

केरळची नर्स थक्क. "अंकल, इस उमर में इतना अच्छा नजर!"

*

पुढच्या महिन्यात एका जोडाची एक्स-रे फिल्म आली; वेल्डमध्ये फट राहिली असेल तर ती त्यात काळी दिसते. प्रत्येक जोडावर वेल्डरचा नंबर असतो. हा काकांचा होता. इन्स्पेक्टर तमिळ, माझ्याच वयाचा. त्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि फिल्म दिव्याच्या काचेवर लावली.

"देखो, सावंत."

काकांनी बघितलं. "साफ है, सर."

"ठीक से देखो."

"साफ है. तेवीस साल से करता है मैं."

असं ठाम कोणी बोललं की पोरगा बिचकतोच. इन्स्पेक्टर स्वतः पुन्हा वाकला. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. पेन सहीच्या जागेपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मग तो माझ्याकडे वळला.

"तू बोल. तेरे को क्या दिखता है?"

मी दाराशी उभा होतो. तिथूनही दिसत होती. नखाएवढी काळी रेघ, उजव्या कडेला. काका माझ्याकडेच बघत होते.

"लाइन है, सर," मी म्हणालो. "काली."

इन्स्पेक्टरने सही न करताच पेनाला टोपण लावलं. काका परत फिल्मवर वाकले, नाक काचेला टेकेपर्यंत, आधी डावीकडे, मग मधे.

"खंयच्या बाजूक रे?" त्यांनी मला विचारलं.